क्षणाची नोंद

अठराव्या शतकात इंग्लंडमधील ग्रिनिच येथील वेधशाळेत ताऱ्यांचे वेध घेण्याची एक रीत होती. दुर्बिणीत बारीक उभे तंतू ताणलेले असत. तारा सरकत सरकत तंतूवर आला, की तो क्षण निरीक्षकाने टिपावयाचा. डोळा ताऱ्यावर, कान घड्याळाच्या ठोक्यांकडे आणि दोन ठोक्यांमधील दशांश मात्र मनानेच अजमावावयाचे! वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलाइन यांना असे आढळले, की आपला साहाय्यक डेव्हिड किनब्रुक याच्या नोंदी आपल्या नोंदींहून सुमारे ०.८ सेकंद मागे पडतात. १७९६ साली त्यांनी त्याला कामावरून दूर केले. पुढे बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने दाखवून दिले, की असा फरक निष्णात निरीक्षकांतही पडतोच. पाहणे, ऐकणे व नोंदणे ही कामे एकाच मनाने करावयाची, तर त्यात थोडा काळ जावयाचाच. बिचाऱ्या किनब्रुकचा त्यात काय दोष?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास यावर उपाय निघाला. निरीक्षकाने नुसती कळ दाबावी. विजेच्या योगाने फिरत्या कागदावर खूण उमटे, आणि तिची वेळ मागाहून सावकाश मोजता येई.

हीच युक्ती आज नखाएवढ्या तुकड्यात सामावली आहे. त्या तुकड्याला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे सूक्ष्मनियंत्रक म्हणतात. त्यातील प्रोसेसर आज्ञा एकामागून एक पाळतो. तो एकटा आणि कामे अनेक! बाहेरून संकेत आला तेव्हा तो दुसऱ्या कामात गुंतलेला असला, तर घड्याळाकडे पाहीपर्यंत क्षण निघून जातो. हा विलंब नेहमी सारखाच असता, तर तो वजा करता आला असता. परंतु तो कमीअधिक होत असतो.

म्हणून ‘एटीमेगा ३२८’ या सूक्ष्मनियंत्रकात एक स्वतंत्र गणक ठेवलेला आहे. त्याला टायमर म्हणतात. तो प्रोसेसरची वाट न पाहता अखंड मोजत असतो. त्याला सेकंदाला २० लाख आकडे मोजावयास लावता येते. म्हणजे एक आकडा अर्ध्या मायक्रोसेकंदाचा झाला. ठरलेल्या तारेवर संकेत येताच गणकावरील त्या क्षणीचा आकडा आपोआप एका निराळ्या रजिस्टरात उतरतो. गणक थांबत नाही. प्रोसेसरने तो आकडा हातातले काम उरकून वाचला तरी चालते. मात्र पुढचा संकेत येण्यापूर्वी वाचलाच पाहिजे. नाहीतर जुन्या आकड्यावर नवा लिहिला जाईल.

आता ध्वनीने अंतर मोजणारे एक लहानसे उपकरण याला जोडले आहे असे समजा. ते आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी भिंतीकडे सोडते. ध्वनी निघताच तारेवरील विजेचा दाब चढतो, प्रतिध्वनी परतताच उतरतो. चढताना टिपलेला आकडा ६०,०००. उतरताना टिपलेला ६,१२४. हे कसे? मागाहूनचा आकडा लहान! कारण हा गणक ६५,५३५ पर्यंतच मोजतो आणि पुन्हा शून्यापासून आरंभ करतो. अशा वेळी वजाबाकीत ६५,५३६ मिळवावे. उत्तर येते ११,६६०, म्हणजे ५,८३० मायक्रोसेकंद. गणकाची एक फेरी ३२,७६८ मायक्रोसेकंदांची असते. त्याहून दीर्घ काळ मोजावयाचा असेल, तर फेऱ्याही मोजाव्या लागतात.

२० अंश सेल्सियस तापमानात ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. तेव्हा त्याने सुमारे २ मीटर प्रवास केला, जाऊन येऊन. भिंत १ मीटरवर आहे. परंतु हाच प्रयोग ३५ अंशांच्या उन्हाळ्यात केला, तर ध्वनी अधिक वेगाने धावतो, आणि तोच ११,६६० आकडा १ मीटर पावणेतीन सेंटीमीटरांवरील भिंतीचा ठरतो. गणक अचूकच असतो. हवा किती तापली आहे, हे मात्र त्याला निराळे सांगावे लागते.