दातांची शुभ्रता : अपेक्षा आणि मर्यादा

दात पांढरे करून घेण्याच्या इच्छेने दंतवैद्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाने प्रथम हे ध्यानात घ्यावे की, निरोगी दात स्वभावतःच शुभ्र नसतो. दाताचे बाह्य आवरण, ज्यास एनॅमल म्हणतात, ते अर्धपारदर्शक असून त्याखालचा डेंटिनचा थर पिवळसर असतो; वयपरत्वे हे आवरण झिजते व आतला थर दाट होत जातो, आणि म्हणून साठीतला दात विशीतल्या दाताहून गडद दिसला तरी तो रोगीच असतो असे नाही.

डागांचे प्रकारही भिन्न आहेत. चहा, पान, तंबाखू आणि आपल्याकडील अनेक स्त्रियांच्या नित्याची मशेरी यांचा थर बहुधा पृष्ठभागावर बसतो, आणि दात साफ करून घेतल्यानेच तो पुष्कळ अंशी निघतो. परंतु यवतमाळ-चंद्रपूरकडील काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातील अधिक फ्लोराइडमुळे लहानपणीच उमटलेले तपकिरी डाग, किंवा बालवयात घेतलेल्या टेट्रासायक्लिनमुळे आलेली करडी झाक, ही दाताच्या घडणीतच मुरलेली असल्यामुळे सहजासहजी हटत नाहीत. एकच दात काळवंडला असेल, तर तो आतून मृत झाला आहे काय, याची तपासणी आधी झाली पाहिजे. डागाचे कारण ठरल्यावाचून इलाज ठरविणे म्हणजे रुग्णाचा पैसा व्यर्थ दवडणे होय.

तपासणीअंती ब्लीचिंग योग्य ठरल्यास दंतवैद्य प्रथम छटांच्या पट्टीशी दातांचा रंग ताडून त्याची नोंद करतो, हिरड्यांवर संरक्षक लेप चढवितो, आणि मग सामान्यतः २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली जेल दातांवर लावतो. त्यातून सुटणारे क्रियाशील घटक एनॅमलमधून आत झिरपतात व रंगीत रेणूंचे विघटन करून त्यांना फिकट करतात. जेल बहुधा पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने दोन-तीनदा बदलली जाते आणि एकंदर तासा-दीड तासात एक बैठक पुरी होते. जेलसोबत वापरल्या जाणाऱ्या निळ्या दिव्याची जाहिरात पुष्कळ होते; परंतु दिव्यावाचूनही जेल आपले कार्य करते. दुसरा मार्ग घरगुती आहे : दातांचे माप घेऊन बनविलेल्या पातळ साच्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड भरून तो रात्री घालावयाचा. १९८९ साली हेवूड व हेमन यांनी वर्णिलेली ही पद्धत संथ असली, तरी तिच्यातील द्रव्य पुष्कळच सौम्य असते.

उपचारानंतर एक-दोन दिवस गार पाण्याने दातांतून कळ जाणे, किंवा जेल लागलेली हिरडी तात्पुरती पांढरी पडणे, हे अपेक्षित आहे; कळ टिकून राहिली तर मात्र दंतवैद्यास दाखवावे. पहिल्या दिवशीची शुभ्रता काही अंशी दात कोरडे पडल्याने आलेली असते, म्हणून खरा रंग आठवड्या-दोन आठवड्यांनीच पारखावा. कॅप व जुने फिलिंग यांचा रंग पालटत नाही, आणि नवे फिलिंग दातांच्या बदललेल्या रंगाशी जुळवून घ्यावयाचे असल्यास सुमारे दोन आठवड्यांची मुदत जाऊ द्यावी. लाभलेली छटाही कायमची नसते. तंबाखू व चहा चालू राहिल्यास ती लवकर उतरते.

किडलेले दात व सुजलेल्या हिरड्या यांचा बंदोबस्त आधी झाला पाहिजे. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या मातांनी हा उपचार पुढे ढकलावा. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानुसार ०.१ टक्क्याहून अधिक व ६ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली द्रव्ये केवळ दंतवैद्यांनाच विकता येतात आणि अठरा वर्षांखालील व्यक्तींसाठी ती वर्ज्य आहेत, यावरून त्यांच्या हाताळणीतील जबाबदारी कळून येते. लिंबू किंवा कोळशाची पूड घासण्याचा घरगुती मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण एकदा झिजलेले एनॅमल पुन्हा उगवत नाही. जो दंतवैद्य आधी डागाचे कारण सांगतो, खर्चाचा हिशेब व फलाची मर्यादा यांचा खुलासा करतो, आणि गरज नसेल तेथे ब्लीचिंग नको असे स्पष्ट बजावतो, त्याच्याच हाती आपले दात सोपवावेत.