शेजारच्या मिळकतीची विक्री आणि हद्दवाद

हद्दवाद म्हणजे लगतच्या दोन मिळकतींमधील सीमा, भिंत, कुंपण, बांध, वहिवाटीची वाट, सांडपाण्याचा मार्ग किंवा अतिक्रमण यांविषयी त्यांच्या धारकांमध्ये निर्माण होणारा वाद होय. असा वाद मिटलेला नसताना शेजाऱ्याने आपले घर विकावयास काढल्यास प्रश्नाचे स्वरूप बदलते. ज्याच्याशी तोंडी समजुती झालेल्या असतात तो निघून जातो आणि त्या समजुतींशी काहीही संबंध नसलेला नवा मालक त्याच्या जागी येतो. त्यामुळे खरेदीखत होण्यापूर्वीचा काळ वाद मिटविण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील कायदेशीर तरतुदींच्या आधारे या विषयाचे विवेचन केले आहे.

विक्रीचा हक्कांवर होणारा परिणाम

विक्रेत्याला सामान्यतः स्वतःच्या मालकीपेक्षा अधिक काही हस्तांतरित करता येत नाही. समजा, दोन घरांमधील भिंत एका बाजूस दोन फूट सरकवून बांधलेली आहे. खरेदीखताच्या चतुःसीमेत ती पट्टी दाखविली, तरी केवळ तेवढ्याने खरेदीदार तिचा मालक होत नाही. तसेच मिळकतीशी निगडित असलेला वाटेचा वा पाण्याचा सुविधाधिकार मालक बदलल्यामुळे संपुष्टात येत नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार खासगी जमिनीवरील असा हक्क २० वर्षांच्या शांततापूर्ण, उघड व अखंड वहिवाटीने प्राप्त होऊ शकतो.

मात्र विक्रीमुळे मुदतीची मोजणी नव्याने सुरू होत नाही. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ६५ नुसार मालकीच्या आधारे कब्जा परत मिळविण्याचा दावा, प्रतिकूल कब्जा सुरू झाल्यापासून १२ वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. पूर्वीच्या मालकाचा अखंड प्रतिकूल कब्जा नव्या मालकाच्या कब्जाला जोडला जाऊ शकतो. म्हणून ‘नवा शेजारी आल्यावर पाहू’ या विचाराने केलेला विलंब हानिकारक ठरू शकतो.

विक्रेत्याचे कर्तव्य

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार मिळकतीतील किंवा मालकी हक्कातील महत्त्वाचा दोष खरेदीदाराला सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. जो दोष विक्रेत्याला ठाऊक आहे, परंतु खरेदीदाराला सर्वसाधारण दक्षता घेऊनही समजणारा नाही, अशा दोषाला ही तरतूद लागू होते. याविरुद्ध वर्तन झाल्यास विक्रेत्यावर उत्तरदायित्व येऊ शकते. यास्तव विक्रीपूर्वी हद्द निश्चित करून घेणे शेजाऱ्याइतकेच विक्रेत्याच्याही हिताचे असते.

मोजणी

वादाचे मूळ अनेकदा हेतूपेक्षा अज्ञानात असते. सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका यांवरून क्षेत्र व धारकाचे नाव कळते. जमिनीवरील प्रत्यक्ष हद्द मात्र मोजणीनेच स्पष्ट होते. त्यासाठी तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करता येतो. लगतच्या धारकांना नोटीस दिली जाते, भूमापक जागेवर मोजणी करून खुणा दाखवितो आणि अर्जदाराला मोजणी नकाशाची ‘क’ प्रत मिळते. मोजणी मान्य नसल्यास वरिष्ठ अधिकाऱ्यामार्फत निमताना मोजणी मागता येते. हद्द व हद्दीच्या खुणा यांविषयीच्या तरतुदी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये आहेत. तथापि मालकी हक्काचा अंतिम निर्णय दिवाणी न्यायालयच देते.

जाहीर नोटीस आणि आक्षेप

खरेदीपूर्वी खरेदीदाराचे वकील वृत्तपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवितात. शेजाऱ्याला दिलेल्या मुदतीत मोजणी नकाशा व अन्य कागदपत्रांसह लेखी हरकत नोंदविता येते. यामुळे खरेदीदाराला वादाची माहिती होती, याचा पुरावा निर्माण होतो. हरकत मात्र वस्तुनिष्ठ असावी लागते. केवळ विक्री मोडण्याच्या हेतूने खोटी हरकत घेणाऱ्यावर नुकसानभरपाईचा दावा होऊ शकतो.

तडजोड

मोजणीनंतर उभयपक्षी सहमती झाल्यास ती नकाशासह लेखी करणे श्रेयस्कर असते. तडजोडीने जमिनीचा काही भाग एकाकडून दुसऱ्याकडे जात असून त्याचे मूल्य १०० रुपये वा अधिक असेल, तर नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ नुसार सर्वसाधारणपणे दस्ताची नोंदणी आवश्यक असते. दावा दाखल होण्यापूर्वीही प्रकरण लोकअदालतीत नेता येते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासमान असतो आणि त्याविरुद्ध अपील करता येत नाही.

दावा प्रलंबित असताना विक्री

तडजोड न झाल्यास दिवाणी दावा व तात्पुरत्या मनाईहुकुमाचा अर्ज हे मार्ग उरतात. सीमेच्या वादात जागेची मोजणी करण्यासाठी न्यायालय आयुक्त नेमू शकते.

दावा प्रलंबित असताना मिळकत विकली गेल्यास मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५२ लागू होते. यामागील तत्त्व ‘लिस पेंडन्स’ या नावाने ओळखले जाते. इंग्लंडमधील १८५७ च्या ‘बेलामी विरुद्ध सबाइन’ या खटल्यात त्याचे विवेचन आढळते. या तत्त्वानुसार खरेदी आपोआप रद्द होत नाही. परंतु खरेदीदाराचे हक्क दाव्याच्या निकालाच्या अधीन राहतात. सर्वोच्च न्यायालयाने ‘थॉमसन प्रेस विरुद्ध नानक बिल्डर्स’ (२०१३) या निवाड्यात हीच भूमिका मांडली आहे.

या बाबतीत १९३९ ची मुंबई दुरुस्ती विशेष महत्त्वाची आहे. ती लागू असलेल्या क्षेत्रात कलम ५२ चे संरक्षण मिळण्यासाठी प्रलंबित दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. नोंदणी केली नसल्यास, दावा चालू असूनही या कलमाचा लाभ वादीला मिळत नाही. त्यामुळे दाव्याइतकेच या नोंदणीकडेही लक्ष देणे आवश्यक असते.