झोपेची तपासणी: नर्सला काय येतं, काय शिकावं लागतं

मोठ्या उपचारासाठी इन्सुलीहून आपली माणसं बांबोळी गाठतात. पण झोपेची तपासणी, म्हणजे पॉलिसोम्नोग्राफी, करणारी माणसं इथल्याच नर्स आणि ईसीजी टेक्निशियनमधून घडू शकतात.

रुग्णाला धीर देणं, नाडी, ऑक्सिजन, हृदयाचा आलेख हे त्यांना येतंच. नवं काय? मेंदूच्या लहरी. डोकं टेपने मोजून ठरलेल्या जागीच इलेक्ट्रोड लावायचे. मग रात्रभराची नोंद ३० सेकंदांच्या तुकड्यांत वाचायची. आठ तासांचे ९६० तुकडे! प्रत्येकात झोपेचा टप्पा ओळखायचा, श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबला किंवा मंदावला का, ते बघायचं. प्रौढ माणसात असे प्रसंग तासाला ५ पेक्षा कमी असले तर ठीक; ३० किंवा जास्त म्हणजे आजार तीव्र. मोजणी चुकली की निदान चुकलं.

म्हणून आम्ही सांगतो, कोर्स निवडताना प्रमाणपत्राआधी दोन गोष्टी विचारा. देखरेखीखाली किती रात्री काम मिळेल? आणि आपलं वाचन कोण तपासून देईल? पुढे आरपीएसजीटी ही आंतरराष्ट्रीय परीक्षा आहे. इतर आरोग्यव्यवसायांतून येणाऱ्यांसाठी तिच्यात वेगळा मार्ग ठेवलेला आहे. पण हात बसतो तो जागून काढलेल्या रात्रींनीच.