जुना टीव्ही, एक स्टिक आणि किरणोत्सव

९ ते ११ नोव्हेंबर, आमच्या अंबाबाईचा किरणोत्सव. मावळतीची किरणं गाभाऱ्यात येतात, पायांपासून वर सरकत जातात. सगळं काही मिनिटांचं. आजीचे गुडघे गेलेत, गर्दीत जाणं जमत नाही. मोबाइलवर लाइव्ह दाखवलं, तर म्हणाली, "एवढीशी देवी कशी दिसायची रं मला?"

टीव्ही जुना, पण मागं एचडीएमआय पोर्ट होता. मग नवा कशाला घ्यायचा? स्ट्रीमिंग स्टिक खोचली, वाय-फाय जोडलं, यूट्यूब सुरू. आणि नेमकी किरणं पायांवर आली तेव्हाच स्टिक रीस्टार्ट! (बीटेक झालोय, कुणाला सांगू नका.)

चूक माझीच. पॉवर टीव्हीच्या यूएसबीतून घेतली होती. यूएसबी २.० पोर्ट साधारण अर्धा अँपिअर देतो. अशा स्टिकला बहुतेक वेळा एक लागतो. व्हिडिओ सुरू झाला, लोड वाढला की ती मान टाकते. सोबतचा ॲडाप्टर थेट बोर्डाला लावा, विषय कट.

आणि हो, घराच्या भिंती जाड असतील तर राउटरचं २.४ गिगाहर्ट्झवालं नेटवर्क निवडा. ५ वालं वेगवान, पण भिंतीत अडकतं.

दुसऱ्या दिवशी आजी पाचपासूनच टीव्हीसमोर, हात जोडून.