दहन, भूमिनिक्षेप व ‘समाधी’ : सणसवाडी परिसरातील पुरावा

अग्निसंस्कार हिंदूंचा व भूमिनिक्षेप इतरांचा, असा समज सर्वत्र रूढ आहे. परंतु सणसवाडी ज्या शिरूर तालुक्यात मोडते, तेथील व आसपासचा पुरावा तपासला असता हा समज टिकत नाही.

पहिला पुरावा घोड नदीकाठच्या इनामगावचा. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० पर्यंत नांदलेल्या या वसाहतीत मृतास घराच्या जमिनीखाली अथवा अंगणात पुरीत. बालकास तोंडास तोंड लावलेल्या दोन कुंभांत ठेवीत; प्रौढास उत्तरेकडे डोके करून निजवीत व त्याची पावले घोट्याखाली तोडीत. मृताने घर सोडून जाऊ नये, हा त्यातील हेतू असावा, असे अनुमान आहे.

स्मृतिकाळी ही दृष्टी पार पालटलेली दिसते. मृताचे अशौच मानले जाऊ लागले, प्रेत गावाबाहेर गेले व दहन हा सामान्य विधी ठरला. तथापि अपवाद राहिलेच. दोन वर्षांच्या आतील बालकास पुरावे, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. संन्याशाने अग्नीचा त्याग केलेला असल्याने त्यासही सामान्यतः अग्नी देत नाहीत. लिंगायतांत तर पुरणे हाच नियम होय.

‘समाधी’ या शब्दाचा प्रवासही असाच बोधप्रद आहे. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीस घेतलेली समाधी ही योग्याची समाधी. उलट रायगडावर शिवछत्रपतींच्या देहास १६८० साली अग्नी दिला गेला. तरी तेथील वास्तूस समाधीच म्हणतात. सणसवाडीजवळ वढू बुद्रुक येथे ११ मार्च १६८९ रोजी मारल्या गेलेल्या संभाजी महाराजांचे स्मारक आहे. त्याचेही नाव समाधीच. ग्रामीण बोलीत तर प्रेत जाळावयाचे असले तरी लोक ‘मातीला’ जातात.

तात्पर्य, एखादे थडगे वा चौथरा पाहून मृताचा धर्म ठरविणे, किंवा ‘समाधी’ या शब्दावरून अंत्यविधी ठरविणे, संशोधकास धोक्याचे आहे. व्यवहारातही याचे महत्त्व थोडे नाही. गावाने केवळ दहनाचीच जागा राखली, तर पुरण्याची चाल असलेल्या हिंदू कुटुंबांसही आपल्याच गावात मृतासाठी भूमी उरणार नाही.