मुलांस न दिसणारी गर्दी

सिंहस्थाच्या पर्वणीस रामकुंडाकडे जातांना आईबाप मुलाचा हात घट्ट धरितात व "अनोळखी माणसाबरोबर जाऊं नको" असें बजावितात. मुलासही तें पटतें. कारण गर्दी त्याच्या डोळ्यांपुढें असते. तेंच मूल घरीं मोबाइल घेऊन बसलें म्हणजे आपण निर्धास्त होतों. वास्तविक त्या वेळीं तें सिंहस्थाहूनही मोठ्या गर्दींत उभें असतें. मात्र ती त्यास दिसत नाहीं.

"इंटरनेट कोठें आहे?" असें लहान मुलास विचारल्यास तें बहुधा मोबाइलकडेच बोट दाखवील. ज्या वस्तूंत चित्र दिसतें तींतच तें राहतें, अशी त्याची सरळ समजूत असते. परंतु इंटरनेट म्हणजे जगांतील असंख्य संगणकांस जोडणारें जाळें होय. आपल्या देशांत सर्वसामान्य जनतेस तें १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळूं लागलें. आपण नाशिकहून एखादें छायाचित्र त्यावर प्रसिद्ध केलें, कीं तें दूरच्या संगणकांत सांठविलें जातें आणि पाहणारा कोणीही त्याची नक्कल ठेवूं शकतो. पाटीवरचें अक्षर पुसतां येतें. छापून वांटलेलें परत घेतां येत नाहीं. छायाचित्राचेंही तसेंच आहे.

शिवाय "मी दहा वर्षांची मुलगी आहे" असें लिहिणारी व्यक्ति खरोखर कोण, हें पडदा सांगत नाहीं. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, आपला पत्ता, शाळा, छायाचित्र व परवलीचा शब्द परक्यास देऊं नका. आणि कोणी "हें घरीं सांगूं नको" म्हणाला, तर तेंच आधीं घरीं सांगा.

हा शेवटचा नियम मुलांकडून पाळला जाणें पालकांच्या हातीं आहे. चूक सांगावयास आलेल्या मुलास मार मिळाला, तर पुढच्या वेळीं तें गप्प बसेल. आणि दुष्टांस हवें असतें तें हेंच मौन. आधीं ऐकून घ्यावें, मग उपाय करावा. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० व मूल संकटांत असल्यास १०९८ या दूरध्वनि क्रमांकांवर साहाय्य मिळतें.

सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगाव येथील ग्रामस्थांनीं २०२२ सालीं एक प्रथा सुरू केली. सायंकाळीं ७ वाजतां भोंगा होतांच दीड तास घरोघर मोबाइल व दूरचित्रवाणी बंद ठेवावयाची. आपल्या घरीं भोंगा नसला तरी मुलाजवळ बसून "आज काय पाहिलेंस?" असें रोज विचारतां येईल. न दिसणाऱ्या गर्दींत मुलाचा हात धरणें तें हेंच, असें आम्हांस वाटतें.