मुंबई दिसतेय का?

मांडव्याच्या धक्क्यावरून मुंबई दिसते, याचं आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना केवढं अप्रूप! सरळ रेषेत मोजलं तर गेटवे इथून १५ किलोमीटरच्या आसपास. तरीही डिसेंबर-जानेवारीत कित्येक सकाळी समोर नुसता करडा पडदा असतो. शहर गायब!

खरं तर शहर किती लांबून दिसावं, याचं गणित सोपं आहे. पृथ्वी गोल, म्हणून किनाऱ्यावर उभ्या माणसाचं क्षितिज साडेचार-पाच किलोमीटरवरच संपतं. पण उंच वस्तू त्यापलीकडूनही डोकं वर काढते. २०० मीटर उंच टॉवरचा माथा ५० किलोमीटरवरूनसुद्धा दिसायला हवा. आपणच उंचावर गेलो तर आणखी लांबचं दिसतं. माथेरानहून रात्री मुंबईचे दिवे दिसतात ते त्यामुळेच.

म्हणजे इथून मुंबई दिसेनाशी होते ती हवेमुळे. धूर-धुळीचे बारीक कण प्रकाश विखुरतात आणि लांबचं सगळं पुसट होतं. हिवाळ्यात वारा मंदावतो, जमिनीलगतची थंड हवा वर जात नाही आणि हे कण तिथेच कोंडून राहतात. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे गाड्या-कारखाने थांबले, तेव्हा जालंधरच्या गच्च्यांवरून हिमाचलातली धौलाधारची शिखरं दिसली होती, आठवतंय?

माझी लेक मुंबईत नोकरी करते आणि तिला दमा आहे. त्यामुळे मला हा पडदा पाहिला की धस्स होतं. त्यातले अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण थेट फुप्फुसात खोलवर जातात. अशा सकाळी मी तिला फोन करते, "पंप पर्समध्ये टाकलास ना गं?" ती हसते, "आई, तू तिकडे बसून माझी हवा बघतेस!"

मैत्रिणींनो, तुम्हीही आपल्या गच्चीवरून दिसणारी लांबची एखादी खूण ठरवून ठेवा. पाण्याची टाकी, देवळाचा कळस, काहीही. दमट हवेत किंवा साध्या धुक्यातही ती पुसट होते, म्हणून हवेच्या गुणवत्तेचा आकडाही मोबाइलवर बघा. आकडा वाईट असेल, तर आजोबांचा फेरफटका आणि मुलांचा खेळ ऊन वर येईपर्यंत पुढे ढकला. कचरा जाळणारा कुणी दिसला, तर त्याला टोकायलाही कचरू नका.